माशांना भूल देण्यासाठी लवंग तेल चांगलं की एमएस-२२२?

तुम्ही लिहिलंय, शेततळ्यात चिलापी आहे, दर महिन्याला वजन घ्यावं लागतं, मासा हातात ठरत नाही, तर एमएस-२२२ या कारखान्यातल्या भुलीच्या पुडीपेक्षा नैसर्गिक म्हणून लवंग तेल जास्त सुरक्षित का? त्यातलं ‘नैसर्गिक म्हणून’ वाचलं आणि लिहायला बसलो. या दोन शब्दांपायी माझा अर्धा पगार गेलेला आहे.

मी तेव्हा एका खासगी हॅचरीवर, म्हणजे मत्स्यबीज केंद्रावर, कामाला होतो. जुलै महिना, पहिल्या जोरदार पावसानंतरची सकाळ, कटल्याच्या चार-पाच किलोच्या माद्या अंडी सोडवायच्या इंजेक्शनसाठी काढलेल्या. एरवी आम्ही भूलबिल काही देत नसू. खाली फोम, डोळ्यांवर ओलं फडकं, एकानं शेपूट दाबायचं, दुसऱ्यानं छातीच्या पराखाली सुई द्यायची. पण आदल्या दिवशी एकीनं शेपटीच्या फटक्यात सिरिंज उडवली होती, म्हणून शेठ लवंग तेलाची बाटली घेऊन हजर.

मी म्हटलं, मापानं घेऊ, आधी अल्कोहोलमध्ये कालवू. शेठ म्हणाले, “आयुर्वेदिक वस्तू आहे. दाढ दुखली की आपण लावतोच ना? तिला कसलं माप? आणि माशांना दारू पाजायचीय का तुला?”

ओतलं थेट टबात. आता लवंगेचं तेल म्हणजे खोबरेल नव्हे, ते पाण्यापेक्षा जड असतं. बारीक मण्यांसारखं तळाला जाऊन बसलं. वर नुसता दाताच्या दवाखान्याचा वास. मादी सोडली, पाच मिनिटं झाली, बाई निवांत फिरतायत. शेठनी आणखी एक झाकण ओतलं. मग आणखी एक. मग दुसरी मादी सोडली, ती बिथरली आणि शेपूट आपटून तिनं अख्खा टब ढवळून काढला. तळातलं सगळं तेल एकदम वर आलं, पाणी दुधाळ झालं. दोन मिनिटांत दोघी उताण्या. कल्ल्यांची झाकणं आधी सावकाश हलत होती, मग मधूनच एखादी उघडझाप, मग तीही थांबली. गोल टाकीत नेऊन, तोंड प्रवाहाकडे धरून अर्धा तास उभा होतो मी. एकही परत आली नाही. पोटं अंड्यांनी भरलेली तशीच.

शेठचा निकाल: “नैसर्गिक वस्तूनं मासा मरत नाही. सुई तूच खोल मारलीस.”

सुई तोवर बॉक्सातून काढलीसुद्धा नव्हती.

तर मुद्दा असा. लवंग तेलात भूल देतं ते युजेनॉल. ते लवंगेतून आलं की कारखान्यातून, हे माशाच्या कल्ल्याला कळत नाही. एमएस-२२२ हे बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या भावकीतलं, पांढरी पूड, पाण्यात चटकन विरघळते. मासा लवकर झोपतो, लवकर उठतो. तिचा दोष हा की ती पाणी आंबट करते, म्हणून तिच्या दुप्पट वजनाचा खाण्याचा सोडा सोबत घालावा लागतो. युजेनॉलचा मासा उठायला जास्त वेळ घेतो आणि मात्रा चढली तर श्वास आधी जातो. गंमत बघा, अमेरिकेत काही ठरावीक जातींचा एमएस-२२२ दिलेला मासा २१ दिवस थांबून खायला चालतो, आणि माणसाच्या जेवणात चालणाऱ्या लवंग तेलाला खायच्या माशाच्या भुलीसाठी तिथे मान्यताच नाही. घ्या, नैसर्गिक!

मी स्वतः काय वापरतो? लवंग तेलच. गावाजवळ मिळतं, परवडतं. ती पूड लॅबवाल्यांकडून मागवा, महाग पडते. पण तेल १ भाग, इथेनॉल ९ भाग, बाटली खळाखळा हलवायची आणि १०० लिटर पाण्याला त्यातलं ४० मिली, सिरिंजनं मोजून. म्हणजे मूळ तेल फक्त ४ मिली. शेठचं एक झाकणच त्याहून मोठं होतं. मासा कलंडला, शेपूट चिमटल्यावर हलेना, पण कल्ल्याची उघडझाप एका लयीत चालू आहे, एवढ्यावर बाहेर काढायचा. शेजारी हवा सोडलेलं साधं पाणी आधीच भरलेलं हवं.

हे कटल्यासारख्या कार्प माशांचं माप, चिलापीला आधी दोनच मासे घालून बघा. बाटलीबाटलीत युजेनॉल कमीजास्त असतं. आदल्या दिवशी खाद्य बंद. आणि तीन आठवड्यांच्या आत बाजारात न्यायचा मासा असेल तर दोन्ही राहू द्या.

खरं तर नुसत्या वजनासाठी भूल लागतच नाही. काट्यावर पाण्याची बादली ठेवा, काटा शून्य करा, जाळीनं मासे त्यात सोडा आणि वर झाकण. टॅग लावायचा असेल किंवा अंडी पिळायची असतील तर भुलीचं बघू.

शेठ मागच्या वर्षी एका लग्नात भेटले. मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून म्हणाले, “तुझी सुई जरा खोलच जायची.”