वाचकांचे प्रश्न : रुंद इनटेक पाइप आणि पी०१७१

प्रश्न : माझ्याकडे २०११ सालची १.८ लिटर टर्बो पेट्रोल मोटार आहे. गेल्या वर्षी इंजिनाचे रीमॅपिंग (इंजिन चालवणाऱ्या संगणकातील सेटिंग बदलणे) करून घेतले आणि त्यानंतर चार महिन्यांनी इंजिनाकडे हवा नेणारा मूळचा ७० मि.मी. व्यासाचा इनटेक पाइप काढून ७६ मि.मी.चा पाइप व तेल लावायचा कॉटनचा कोन फिल्टर बसवला. हवेचा सेन्सर नव्या पाइपात घेतला. आठवडाभरात चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०३०० हे कोड येतात. गॅरेजमध्ये लॅम्डा सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारा) बदलून कोड पुसले, तरी तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. कसारा घाट चढताना पिकअप मिळत नाही. फ्रीझ फ्रेममध्ये (कोड आला त्या क्षणी नोंदलेल्या आकड्यांत) आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसते चालू असता, लाँग टर्म ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दीर्घकालीन दुरुस्ती) +२२ टक्के आहे. आता फ्युएल पंप बदलावा किंवा सॉफ्टवेअरमधून कोड बंद करावेत, असे मेकॅनिक सुचवतात. हा ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा परिणाम असेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फ्युएल पंपावर तूर्त खर्च करू नका. पी०१७१ या कोडचा अर्थ मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढाच असतो. कोणता भाग बिघडला ते हा कोड सांगत नाही. लॅम्डा सेन्सरने ही तक्रार कळवली म्हणून त्यालाच बदलणे हे ताप दाखवणारा थर्मामीटर बदलण्यासारखे झाले.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती पाइपाच्या मापांची आहे. हवेचा सेन्सर सगळी हवा मोजत नाही. आपल्यावरून जाणाऱ्या प्रवाहावरून तो एकूण हवेचा अंदाज बांधतो आणि हा अंदाज मूळ पाइपाच्या व्यासावर बेतलेला असतो. व्यास ७० वरून ७६ मि.मी. झाला की छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, तेवढीच हवा जाताना तिचा वेग साधारण १५ टक्क्यांनी घटतो आणि सेन्सर त्या प्रमाणात हवा कमी सांगतो. इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या चुकीच्या आकड्यावरून पेट्रोल सोडतो, मग लॅम्डा सेन्सरचे ऐकून ते वाढवत नेतो. ही वाढ म्हणजेच ट्रिम. केवळ या पाइपामुळे ती १८ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. रीमॅपिंग पाइपाच्या आधी झाल्याने सेन्सरचा तक्ता (त्याच्या वाचनावरून हवा किती ते ठरवणारा) नव्या व्यासासाठी बदललेलाच नाही.

इथेनॉलचा वाटा यात थोडा आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-१० ला सुमारे १४.१ आणि ई-२० ला सुमारे १३.५, म्हणजे ई-१० वरून ई-२० वर आल्याने ट्रिम चार-पाच टक्के वाढणे स्वाभाविक आहे. पाइपाच्या चुकीवर ही भर पडली की +२२ चा हिशेब जवळपास जुळतो. तरीही जुळणारा हिशेब म्हणजे पुरावा नव्हे.

म्हणून इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ट्रिमची तीन वाचने घ्या : आयडलिंगला, उभ्या गाडीत २,५०० आरपीएमला आणि चढावर मध्यम ॲक्सिलरेटरवर. शॉर्ट टर्म (तात्कालिक) आणि लाँग टर्म ट्रिम यांची बेरीज लिहून ठेवा. आयडलिंगला बेरीज मोठी आणि २,५०० ला ती उतरून पाच-सहा टक्क्यांवर आली, तर सेन्सर आणि इंजिन यांच्यामध्ये कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. आयडलिंगला एकूण हवाच थोडी असल्याने तेवढीच गळती तेथे जास्त जाणवते. तुमच्या गाडीच्या वयाच्या टर्बो इंजिनांत पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या पोटातील वायू परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेचा) रबरी पडदा फाटणे हे याचे नेहमीचे कारण आहे. बेरीज तिन्ही ठिकाणी सारखीच राहिली, तर दोष पाइपाचा किंवा सेन्सरच्या तारेवर बसलेल्या फिल्टरच्या तेलाचा. फक्त भाराखाली ती चढत गेली, तर मेकॅनिकांची फ्युएल पंपाची शंका तपासण्याजोगी ठरते आणि तेव्हाही आधी इंधनाचा दाब मोजून घ्यावा.

याहून सोपी परीक्षा म्हणजे मूळ पाइप आणि फिल्टर परत बसवणे. त्याआधी हवेचा सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या खास स्प्रेने धुऊन वाळवा. कार्ब्युरेटर क्लीनर त्यावर मारू नका. दोन-तीनशे किलोमीटर चालवून ट्रिम आठ-दहा टक्क्यांच्या आत आली, तर निदान पक्के झाले. रुंद पाइप ठेवायचाच असेल, तर रीमॅपिंग करणाऱ्याकडून सेन्सरचा तक्ता नव्या व्यासासाठी बदलून घ्या. माझे मत विचाराल, तर तुमच्या ताकदीच्या इंजिनाला ७० मि.मी. पुरेसा आहे.

पी०३०० ने दाखवलेला मिसफायर (सिलिंडरमधील मिश्रण नीट न पेटणे) कोणत्याही एका सिलिंडरचा नाही, त्यामुळे तो लीन मिश्रणाचा परिणाम असण्याची शक्यता अधिक. ट्रिम सुधारल्यावरही तो राहिला, तर प्लग आणि कॉइल पाहा. घाटातील पिकअपचेही हेच आहे : लीन मिश्रण बूस्टखाली (टर्बोच्या वाढीव दाबाखाली) नॉक करू लागते, म्हणजे अवेळी भडकते, मग इसीयू इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा देतो) आणि ताकद जाते.

कोड बंद करण्याला मात्र ठाम नकार द्या. दिवा विझेल, मिश्रण तसेच राहील, आणि रीमॅप केलेल्या टर्बो इंजिनात त्याची किंमत पिस्टन मोजतो. कोड पुसायचेच असतील, तर आधी फ्रीझ फ्रेमचे आकडे कागदावर उतरवा, कारण पुसताना तेही जातात. दुरुस्ती होईपर्यंत कसारा घाटात जोर लावू नका, आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात आहे असे समजून ॲक्सिलरेटर सोडा, गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि इंजिन बंद करा.