उबुदला एक दिवस पुरतो का?

प्रश्न: आम्ही दोघं बालीला चाललोय, दोघंही रिटायर्ड. बीचवर लोळण्यात काडीचा इंटरेस्ट नाही, लाकूडकाम, चांदीकाम, पेंटिंग असलं सगळं बघायचंय. एजंट म्हणतो बालीतल्या उबुद गावाची डे टूर घ्या, भरपूर झाली. खरंच पुरते का? आणि राहायचं झालं तर कुठे? आम्ही शाकाहारी आहोत.
(एक वाचक, इमेलवरून)

उत्तर: नाही हो पुरत. डे टूरमध्ये होतं काय, गाडी रस्त्यावरच्या मोठमोठ्या शोरूमपुढे थांबते, दारात एक जण दोन मिनिटं छिन्नी चालवून दाखवतो आणि पुढचा अर्धा तास तुम्ही दुकानात अडकता, कारण बऱ्याचदा ड्रायव्हरचं तिथे कमिशन असतं आणि ते शेवटी तुमच्याच बिलातून जातं. त्यापेक्षा चार रात्री तरी उबुदलाच काढा.

राहायला मोठं रिसॉर्ट नको, गल्लीतला होमस्टे बघा. एकाच आवारात अख्खं कुटुंब राहतं, अंगणाभोवती सुट्या सुट्या खोल्या, ईशान्येच्या कोपऱ्यात घरचं देऊळ, आणि त्यातल्याच एकदोन खोल्या पाहुण्यांना. सकाळी घरातली बाई नारळाच्या झावळीच्या छोट्या द्रोणात फुलं, उदबत्ती घालून दारात, पायरीवर, स्कूटरवरसुद्धा ठेवत जाते, त्याला चनांग सारी म्हणतात, तेवढं पायाखाली येऊ देऊ नका. फक्त बुकिंग करताना खोली तळमजल्यावर आहे का आणि गाडी दारापर्यंत येते का हे आधी विचारा, कारण उबुदचे फुटपाथ म्हणजे कुठे उंच कुठे फुटके, गुडघे बोलायला लागतात.

आता बघायचं काय. विमानतळाकडून वर येताना कारागिरांची गावं ओळीने लागतात, बटुबुलान दगडाचं, चेलुक चांदीचं, बाटुआन चित्रांचं, मग मास लाकडाचं. सगळी एका दिवसात कोंबू नका. एक पूर्ण सकाळ मासला द्या आणि शोरूम सोडून आतल्या गल्लीत शिरा, ठोकण्याचा आवाज आला की तिकडे वळा, बहुतेक जण हसून आत बोलावतात. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतो, लाकूड तळपायांमध्ये धरतो, बाजूला छिन्न्यांची रांग, आणि न बघता हात बरोबर पाहिजे त्याच छिन्नीवर जातो. नाचातले मुखवटे पुले नावाच्या हलक्या लाकडाचे करतात, हे झाड म्हणजे आपली सातवीण, बरं का. जुन्या पद्धतीत त्यावर रंगाचे पातळ हात एकावर एक कितीतरी वेळा देतात, म्हणून चांगल्या मुखवट्याची चमक आतून आल्यासारखी वाटते आणि बाजारातल्या स्वस्त मुखवट्याची वरवर पुसल्यासारखी.

बाटुआनच्या चित्रात रिकामी जागा शोधून सापडत नाही, आधी पेन्सिल, मग शाईची रेघ, मग शाईचेच फिकट-गडद थर, आणि रंग अगदी शेवटी. ही चित्रं नीट कळायला आधी उबुदमधलं पुरी लुकिसान म्युझियम बघा, १९५६ पासून आहे, १९३० च्या दशकात बालीची चित्रकला कशी बदलली ते तिथे समोर दिसतं. अंगात दम असेल तर उबुदमधलं दुसरं, नेका म्युझियमही करा, माझ्या मते एक नीट बघितलेलं बरं.

खरेदी पहिल्या दिवशी नको. भाव बघा, घासाघीस हसत करा, पण ज्याच्या हातचं काम समोर बसून बघितलंत त्याच्याशी फार ताणू नका. मोठी लाकडी मूर्ती घेताना लाकूड पुरतं वाळलेलं आहे का विचारा, तिथल्या दमट हवेत ठीक दिसणारी वस्तू कोरड्या हवेत किंवा एसीत आली की तडकते. चांदीवर ९२५ चा शिक्का बघा.

जेवणाचं टेन्शन नको, टोफू, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), गाडो-गाडो (भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी) सगळीकडे मिळतं, फक्त सांबल म्हणून जी लाल चटणी येते तिच्यात बऱ्याचदा तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असते, सांगून वगळायला लावा.

व्हिसा विमानतळावर मिळतो, ५ लाख रुपियाह, आणि २०२४ पासून बालीची वेगळी पर्यटक फी दीड लाख रुपियाह. आकडे बघून दचकू नका, नोटांवरची शून्यंच जास्त आहेत.

प्रश्न: मार्चमध्ये गेलं तर चालेल का?
(दुसरे एक वाचक)

उत्तर: चालेल, पावसाची तयारी ठेवा, कोरडा सीझन साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. पण तिकीट काढायच्या आधी न्येपीची, म्हणजे बालीच्या नववर्षाच्या मौनदिवसाची तारीख बघाच. हा सण बहुतेक मार्चमध्ये येतो, त्या दिवशी २४ तास विमानतळ बंद, रस्ते बंद, दिवे मंद आणि तुम्हीही हॉटेलच्या बाहेर पडायचं नाही. आदल्या संध्याकाळी मात्र बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षसांचे पुतळे, ओगोह-ओगोह, खांद्यावरून मिरवतात, वस्तीतली पोरं आधी कितीतरी दिवस ते बनवत असतात, तेव्हा जमलं तर न्येपीच्या चारपाच दिवस आधी पोचा आणि परतीचं तिकीट नंतरचं काढा.