गाडी कोणाच्या नावावर?

पत्र : ताई, मी ४९ वर्षांची. चिंचवडला १४ वर्षं शाळेची व्हॅन चालवतेय. मुलं मला ‘व्हॅनवाल्या काकू’ म्हणतात. यंदा शाळेनं स्वतःच्या बस घेतल्या, माझ्याकडची निम्मी मुलं गेली. मला आता कॅम्परव्हॅन घ्यायची आहे. मागे झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी. कोकण किनाऱ्यानं हिंडायचं आणि एरवी गाडी भाड्यानं द्यायची. साडेपाच लाख साठवलेत, बाकी कर्ज काढीन. मिस्टर म्हणतात, बाईमाणसानं रात्री गाडीत झोपायचं, हे शोभतं का? मुलगा म्हणतो, घेऊ या, पण गाडी आणि कर्ज माझ्या नावावर करू, तुला कागदपत्रं कुठे झेपणार? शिवाय मोठ्या गाडीचं लायसन्स माझ्याकडे नाही. रात्री झोप लागत नाही. या वयात मी फक्त स्वतःपुरतं बघतेय का?

उत्तर : ताई,

तुम्हाला काकू म्हणणार नाही. मी तुमच्याहून दहा वर्षांनी मोठी आहे, आणि ती हाक तुम्ही आजवर भरपूर ऐकली आहे.

आधी मुलाच्या वाक्याकडे येते, कारण माझं डोकं तिथेच फिरलं. तुला कागदपत्रं कुठे झेपणार! अहो, १४ वर्षं त्या व्हॅनचं पासिंग कोणी केलं? परमिट, विमा, पीयूसी, बॅज, आरटीओतल्या रांगा? त्याच्या शाळेची फी ज्या गाडीतून निघाली, तिची फाइल तुमच्याच कपाटात असणार. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. आई गाडी चालवते हे त्यानं रोज पाहिलं, आई धंदा चालवते हे त्याच्या लक्षातच आलं नाही. आपणही कधी तसं बोलून दाखवत नाही, ‘जरा हातभार लावते’ म्हणतो.

तेव्हा गाडी तुमच्या नावावर, कर्ज तुमच्या नावावर, चालू खातं तुमच्या नावावर. त्याला जामीनदार राहायचं असेल तर आनंदानं राहू द्या. यात भावनेपलीकडे पैशाचंही कारण आहे. महाराष्ट्र सरकारचं २०२३ पासून ‘आई’ नावाचं महिला पर्यटन धोरण आहे. त्यात पर्यटन व्यवसायासाठी बाईनं १५ लाखांपर्यंत कर्ज घेतलं आणि हप्ते वेळेवर भरले, तर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज पर्यटन संचालनालय परत देतं, सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख होईपर्यंत. अट अशी की व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा आणि तिनंच चालवलेला हवा. मुलाच्या नावावर गाडी घेतलीत की हे दार बंद. संचालनालयाच्या पुण्यातल्या कार्यालयात जाऊन तुमचा बेत त्यात कसा बसतो ते आधी विचारा. मंजुरीच्या भरवशावर गाडी बुक करू नका.

आता तुमच्या बेतातली खोट सांगते, रागावू नका. ‘एरवी भाड्यानं देईन’ असं तुम्ही लिहिलंय. गिऱ्हाइकाला किल्ली देऊन मोकळं व्हायचं, असं मनात असेल तर ते तसं होत नाही. स्वतः चालवायला गाड्या भाड्यानं देण्यासाठी १९८९ची केंद्राची योजना आहे आणि तिच्यात परवान्यासाठी किमान ५० गाड्या लागतात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील, त्या याच. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी गुपचूप भाड्यानं देणारे पुष्कळ आहेत. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, तेव्हा ते दिसेनासे होतात. तसंच, जुन्याच व्हॅनमधली सीटं काढून गादी-ओटा बसवून देणारा गॅरेजवाला भेटेल. आरटीओच्या मंजुरीशिवाय असा बदल चालत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहायच्या गाडीसाठी, वेगळं मानक आहे, त्यात पास झालेली गाडीच घ्या.

मग उरतं काय? चालकासकट भाडं. आणि चालक तुम्ही!

मला तर ही अडचण वाटतच नाही. चार मैत्रिणी, सासू-सून-नात, साठीतल्या बहिणी अशा किती जणी अनोळखी ड्रायव्हर नको म्हणून घरी बसतात. गाडी काकू चालवणार म्हटल्यावर त्यांच्या घरचेही हो म्हणतील. चिंचवडच्या दोन-तीन शाळांतल्या आया तुम्हाला ओळखतात. आपलं पोर ज्या बाईच्या हाती वर्षानुवर्षं सोपवलं, तिच्यासोबत त्या हरिहरेश्वरला जाणार नाहीत?

लायसन्सची चिंता सोडा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या प्रवासी गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स पुरतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. आरसी बुकातलं एकूण वजन तेवढं बघून घ्या.

आकडेमोड मात्र कोरडेपणानं करा. दहा लाख कर्ज, समजा ११ टक्के, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे २१,७०० हप्ता. पावसाळ्याचे चार महिने कोकणात कोणी गाडीत झोपायला येत नाही, पण बँकेला पावसाळा नसतो. बारा हप्ते आठ महिन्यांत कमवायचे तर महिन्याला साडेबत्तीस हजारांच्या पुढे गेलं. डिझेल-टोल जाऊन दिवसाला पाच हजार हाती राहिले, तरी महिन्याचे साडेसहा दिवस निव्वळ हप्त्याचे. विमा, कर, टायर वेगळे. चार शनिवार-रविवार भरले तर जमतं, पण जेमतेम. म्हणून शाळेच्या उरलेल्या फेऱ्या पहिलं वर्षभर सोडू नका, आणि साडेपाचातले दीड लाख बाजूला ठेवा. त्यांना हात लावायचा नाही.

आणि डिसेंबरमधला एक आठवडा कॅलेंडरवर आत्ताच खोडून टाका. भाड्याचा मोसम आणि समुद्र बघायचा मोसम एकच असतो. तो आठवडा राखला नाहीत, तर दुसऱ्यांच्या सहली करता करता तुमची राहूनच जाईल. गिऱ्हाईक दुप्पट पैसे देतो म्हणालं तरी नाही म्हणायचं.

मिस्टरांचं ‘शोभतं का’ मी कानाआड करते, पण त्याखाली काळजी असेल तर ती खरी आहे. सामसूम पुळणीवर किंवा घाटातल्या वळणावर गाडी लावून झोपू नका, पुरुषही झोपू नयेत. एमटीडीसीचं निवासस्थान, ओळखीचं घरगुती लॉज, त्यांच्या आवारात आधी फोन करून जागा ठरवायची. शौचालय आणि पाणी तिथेच मिळतं. काचा बंद करून आत शेगडी पेटवायची नाही, तो धूर दिसत नाही आणि झोपेतच माणूस जातो. हे सगळं त्यांना दाखवा. त्याउपर त्यांचा प्रश्न जेवणाचा निघाला (माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तोच निघतो), तर कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकवून निघा.

स्वतःपुरतं बघतेय का, असं विचारलंत. हो, बघताय. १४ वर्षं रोज सकाळी दुसऱ्यांची पोरं वेळेवर पोचवलीत तेव्हा ही शंका आली नव्हती, मग आताच का?

घाई फक्त एका गोष्टीची करा. गाडी घेण्याआधी दुसऱ्याची कॅम्परव्हॅन चालकासकट तीन रात्रींसाठी भाड्यानं घ्या. एका जिवाभावाच्या मैत्रिणीला न्या. मिस्टर आलेच तर त्यांनाही. टाकी किती तासांत संपते, पंख्यावर बॅटरी किती टिकते, पाठ धरते का, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. किनाऱ्यानं दिघी, बाणकोटची खाडी, दाभोळ असं जाताना गाडी फेरीबोटीत घालावी लागते, ते नीट पाहून ठेवा. पुढच्या वेळी तुम्ही स्टिअरिंगवर असाल आणि जेटीवरचा पोऱ्या ओरडून रिव्हर्स घ्यायला सांगेल. शाळा सुटल्यावर त्या गल्लीतून गाडी मागे काढता, त्यापेक्षा ते सोपं आहे.