पुराच्या कालव्यातली चढण

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला अलामेडा क्रीक या ओढ्याच्या काठाने रोज फिरायला जाते. या सरळ, उघड्या कालव्यातून समुद्रातला मासा खरंच वर चढतो?

चढतो. स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट मासा) आणि चिनूक सामन सॅन फ्रान्सिस्को उपसागरातून अंडी घालायला वर निघतात. कोकणातली वलगण, म्हणजे पहिल्या पावसात माशांचं प्रवाहाविरुद्ध चढणं, पाहिली असेल तर ही ओढ ओळखीची वाटेल. पूर आवरण्यासाठी आर्मी कोअरने (अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने) क्रीकचा खालचा सुमारे 12 मैलांचा भाग सरळ केला, काठांना बांध घातले. पण मासा अडला तो बार्ट या स्थानिक रेल्वेच्या पुलाजवळच्या काँक्रीटच्या उंच पायरीपाशी. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे थडकलेले स्टीलहेड स्वयंसेवक हातांनी उचलून वर नेऊन सोडत. ते दृश्य मला आजही अस्वस्थ करतं. आता तिथे मत्स्यशिडी आहे.

प्रश्न : शिडीचा खर्च कशाला? पायरीच फोडली तर?

ती पायरी रेल्वेपुलांचा पाया राखते. जवळच्या रबरी बंधाऱ्यांत अडवलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि तेच विहिरींतून नळांना येतं. म्हणून शिडी: टप्प्याटप्प्याने चढत जाणारी कुंडं. मासा एक टप्पा चढतो, दम खातो, पुढे जातो. पण शिडीत पाणीच सोडलं नाही तर ती कोरडा जिना ठरते. शिवाय पिल्लांना समुद्राकडे परतायचं असतं. पाणी ओढणाऱ्या पाइपांच्या तोंडाशी जाळ्या नसतील तर ती आतच ओढली जातात.

प्रश्न : मी पुण्यात स्थापत्य शिकतो. अशा एखाद्या कालव्याचा तळ सगळा काँक्रीटचा असेल तर त्यात दगड टाकून भागेल?

दगडांनी वेग कमी होतो, पण पाण्याची पातळीही चढते. पुराचं पाणी काठावर आलं तर कालव्याचा हेतूच बुडाला. सपाट तळावर कमी पाणी कागदासारखं पातळ पसरतं, जास्त पाणी विसाव्याला जागाच ठेवत नाही. कॅलिफोर्नियात मोठ्या स्टीलहेडसाठी निदान 1 फूट खोली धरतात. म्हणून भर घालण्यापेक्षा तळ खोदणं मला पटतं. सांता बार्बराच्या मिशन क्रीकमध्ये काँक्रीट कापून अरुंद, खोल चर आणि विसाव्याची कुंडं केली आहेत. थोडं पाणी चरात एकवटतं, पूर वरून मोकळा वाहतो.

प्रश्न : एकदा शिडी झाली की काम संपलं?

नाही. एक ओंडका फटीत अडकला की वाट बंद. आपल्याकडे पावसाळ्याआधी नालेसफाई होते; तिथे ती प्रत्येक मोठ्या पावसानंतर हवी, आणि लगेच. मासे रात्रीही चढतात.