तिच्याकडे जा

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. ऑफिसातल्या मैत्रिणीबद्दल तू साहेबांना खोटं सांगितलंस आणि तिची बढती हुकली. आता तू सोमवारचे उपास धरतेस, रात्र रात्र रडतेस. ज्यू परंपरेतल्या पश्चात्तापाच्या गोष्टींतून धीर मिळेल का, असं विचारतेस. मिळेल, पण आधी थोडं कडू ऐकावं लागेल.

तालमुद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातली एलाझार बेन दुर्दयाची गोष्ट तू वाचली आहेस. वेश्यांच्या नादात आयुष्य घालवलेला हा माणूस शेवटी डोंगर, आकाश, सूर्य, चंद्र, साऱ्यांना विनवतो, 'माझ्यासाठी दया मागा.' सगळे नकार देतात. तेव्हा त्याला कळतं की हे आपलं आपल्यालाच करावं लागणार. गुडघ्यांत डोकं घालून तो प्राण जाईपर्यंत रडतो, आणि त्याला परलोक मिळाल्याची आकाशवाणी होते. गोष्ट सुंदर आहे. तरी तू तिच्यात आसरा घेऊ नयेस, असं मला कळकळीनं वाटतं. तुझ्या अश्रूंनी त्या मुलीचं काहीही भरून निघत नाही.

योम किप्पूर हा ज्यूंचा सर्वांत पवित्र दिवस, कडक उपासाचा. आपल्या कोकणातली बेने इस्रायली ज्यू मंडळीही तो दारं लावून पाळत. पण मिश्ना, म्हणजे तालमुदच्या गाभ्यातला जुना नियमसंग्रह, सांगते की माणूस आणि देव यांच्यातली पापंच त्या दिवशी धुतली जातात. माणसानं माणसाचा केलेला अपराध, ज्याला दुखावलं त्याची समजूत काढल्याशिवाय सुटत नाही. बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस तर म्हणतात, पैसे बुडवले असतील तर ते परत करूनही भागत नाही, क्षमा मागावीच लागते. समोरच्यानं नाकारलं तर तीन माणसं सोबत घेऊन पुन्हा जायचं, असं तीनदा. आणि पश्चात्ताप पुरा केव्हा? तोच प्रसंग, तीच संधी पुन्हा आली आणि माणूस या वेळी तसं वागला नाही, तेव्हा. बायबलात आपल्याच भावाला, योसेफला, विकू या, असं बाकीच्या भावांना सुचवणारा यहूदा आठव. पुढे मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, धाकटा भाऊ बन्यामीन अडकतो, तेव्हा हाच यहूदा म्हणतो, 'त्याला सोडा, मला गुलाम करा.'

आता तुझी खरी भीती. कबूल केलं की लोक जन्मभर तेच तोंडावर फेकतील, असं तू लिहिलंयस. इथे मला रेश लाकीश आठवतो. तिसऱ्या शतकातला हा दरोडेखोर. यार्देन (जॉर्डन) नदीत त्याची गाठ रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, योहाननशी पडली. योहानननी त्याला अभ्यासाकडे वळवलं, आपली बहीण दिली, आणि तो थोर पंडित झाला. पुढे एकदा चर्चा चालली होती, की तलवार, सुरी यांसारखी हत्यारं पुरी घडून तयार कधी मानायची. रेश लाकीशचं मत वेगळं पडलं. योहानन बोलून गेले, 'दरोडेखोराला आपली हत्यारं ठाऊक असायचीच.'

एवढं एकच वाक्य. रेश लाकीश दुखावला, त्यानंही उलट उत्तर दिलं. योहानन मनातून रुसले आणि रेश लाकीश आजारी पडला. बहीण पाया पडली, मुलांसाठी तरी क्षमा करा म्हणाली, पण भाऊ हलला नाही. रेश लाकीश गेला. त्याच्या जागी योहाननना दुसरा विद्वान दिला, तो प्रत्येक गोष्टीला दुजोरा देई. योहानन रेश लाकीशला 'लाकीशचा मुलगा' म्हणत. ते म्हणाले, 'लाकीशचा मुलगा चोवीस आक्षेप घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विषय उमगायचा.' मग ते कपडे फाडत, 'कुठे आहेस रे, लाकीशच्या मुला?' असं ओरडत फिरू लागले आणि अखेर भ्रमिष्ट झाले.

तालमुदच्या त्याच भागात आधी एक नियम येतो: पश्चात्ताप केलेल्याला 'तुझी जुनी करणी आठव' असं म्हणायचं नाही. एवढ्या मोठ्या गुरूकडून तो मोडला गेला, आणि परंपरेनं ते लपवलं नाही. म्हणून तुला खोटा दिलासा देत नाही. कोणीतरी तुला टोमणा मारेल. तो मारणाऱ्याचा दोष असेल, त्यावरून तू मागे फिरू नकोस.

तिच्याकडे जाण्याआधी साहेबांना लेखी कळव की तू सांगितलेलं खोटं होतं. ती प्रत हातात घेऊनच तिच्या घरी जा. तिनं दार लावलं तर महिन्याभरानं पुन्हा जा, आणि तू का तसं केलंस याची कारणं, तिनं विचारल्याशिवाय, सांगत बसू नकोस.

तुझा,
काका