जर्मनी वाचायला घेताना प्रशियावर नजर ठेव
बर्लिनने हुकूम सोडला आणि बाकीच्यांनी मान डोलावली, हे चित्र आधी डोक्यातून काढून टाक. १८७१ च्या जर्मन साम्राज्यात बव्हेरिया या घटक राज्याचं टपाल वेगळं, रेल्वे वेगळी. शांततेच्या काळात सैन्यसुद्धा स्वतःच्या राजाच्या हुकमतीखाली. बुंडेसराटमध्ये, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभागृहात, ५८ मतं होती. घटनादुरुस्ती अडवायला १४ पुरत, आणि प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्याकडे एकट्याकडेच १७! हा आकडा मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलाय, तूही लिही.

मग २० जुलै १९३२ पाशी निवांत थांब. चॅन्सलर पापेनने तेव्हाच्या घटनेतल्या आणीबाणीच्या कलम ४८ च्या वटहुकुमाने प्रशियाचं ओटो ब्राउन सरकार बाजूला सारलं. ते वाचताना मला आजही चुटपुट लागते. हिटलर चॅन्सलर होण्याच्या सहा महिने आधीच सर्वांत मोठ्या राज्याचे पोलीस केंद्राच्या हाती गेले होते.