रशियन शिकताना टिनटिन वगैरे कॉमिक्स रशियनमधून वाचून उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की रशियनचे बेसिक धडे झालेत, आता टिनटिन, अ‍ॅस्टेरिक्स टाइप कॉमिक्स रशियन अनुवादात वाचली तर काही पदरात पडेल की नुसता टाइमपास. पडेल की! फक्त सुरुवात टिनटिनने करा, तेही आधी इंग्रजीत वाचलेल्या गोष्टीने, म्हणजे कथा कळायची चिंता नाही आणि सगळं लक्ष भाषेवर.

क्लासमधलं रशियन 'हे टेबल आहे, ती खिडकी आहे' यातच फिरत बसतं, आणि इथे दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुणीतरी पळत असतं नि मागून कुणी ओरडत असतं 'स्तोय!', म्हणजे थांब. तेच 'स्तोयत्ये!' झालं की थांबा. कोण कोणाला 'त्यी' म्हणजे तू म्हणतंय आणि कोण 'व्यी' म्हणजे तुम्ही, यावर लक्ष ठेवा, भांडण पेटलं की व्यीचं त्यी कसं होतं ते आपल्याला लगेच जाणवतं, इंग्रजीत तो भेदच उरलेला नाही. लिंगंही आपल्यासारखीच तीन. तो आला 'प्रिशोल', ती आली 'प्रिश्ला', पत्र आलं 'प्रिश्लो', बघा, पत्रसुद्धा नपुंसकलिंगीच! हिंदीवाल्यांना इथे जे वेगळं शिकावं लागतं ते आपल्याला घरूनच येतं.

आवाजांचे शब्द मात्र सोडू नका. दार आपटलं की 'ख्लोप', आणि त्यालाच नुत् लावला की 'ख्लोपनुत्', एकदाच आपटणे असं क्रियापद. पाण्यात काही पडलं तर 'बुल्क', त्याचं 'बुल्कनुत्'. रशियन क्रियापदांची ती एकदाच-की-सारखं-सारखं वाली भानगड व्याकरणाच्या तक्त्यापेक्षा इथे पटकन डोक्यात शिरते कारण चित्र समोर असतं.

आता त्रास कुठे होतो ते. फुग्यातला मजकूर बहुतेक वेळा सगळा कॅपिटलमध्ये असतो आणि आघात, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा, ते कुणी छापत नाही. 'ज़ामक' म्हणजे गढी आणि 'ज़मोक' म्हणजे कुलूप, दोन्हीचं स्पेलिंग एकच, आणि साहसकथेत दोन्ही भरपूर येतात, तेव्हा चित्र बघूनच ठरवायचं. दुसरं म्हणजे चिठ्ठ्या, डायऱ्या, जुने कागद कर्सिव्ह अक्षरात असले की त हे अक्षर इंग्रजी स्मॉल एमसारखं दिसतं आणि द जीसारखं, म्हणून हाताने लिहायची प्रॅक्टिस आधी करून घ्या, नाहीतर नेमका खजिन्याचा पत्ताच वाचता येणार नाही 😄

अ‍ॅस्टेरिक्स इतक्यात नको. त्यात नावांपासून सगळीकडे शब्दांचे खेळ, वर चाच्यांच्या तोंडी लॅटिन, अनुवादकाची मजा होते आणि शिकणाऱ्याचे हाल. त्यापेक्षा ह्यूगो प्रॅट या चित्रकथाकाराचा खलाशी नायक कोर्तो माल्तेझे सायबेरियात जातो ती गोष्ट मिळवा, रशियन यादवीचा काळ, झारचं सोनं भरलेली ट्रेन आणि तिच्या मागे लागलेले सगळे. मूळ इटालियन आहे पण रशियनमधून वाचायला जास्त शोभतं असं मला वाटतं.

ओळखीच्या वयस्कर रशियन माणसाला कॉमिक्स वाचतोय असं सांगितलंत तर तो हसेल, त्यांच्याकडे सोव्हिएत काळात चित्रकथा म्हणजे मुलांची मासिकं एवढंच होतं, मिकी माऊसचं रशियन मासिकसुद्धा 1988 ला सुरू झालं. त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

आणि अनुवाद नाही म्हणून तुमच्या प्रश्नात बसत नाही, पण 'मेजर ग्रोम' म्हणून पीटर्सबर्गच्या एका पोलिसवाल्याचं कॉमिक 2012 पासून निघालंय. त्यात बोलीभाषा बरीच आहे, टिनटिनचे चार-पाच भाग अडखळत का होईना संपले की मगच हात लावा.